रेवदंड्याचे एक जुने ध्वनिवर्धक यंत्र : त्याचे थर, काळ व जीर्णोद्धार

प्रस्तुत टिपणाचा विषय कागद नव्हे, ताम्रपट नव्हे, शिलालेखही नव्हे. तो एक लाकडी पेटारा आहे. सुमारे हातभर लांब, तेवढाच उंच, पुढून विटलेल्या जाळीदार कापडाने मढविलेला व मागून उघडा असा हा पेटारा रेवदंड्याच्या परिसरातील एका घरी माळ्यावर पडून होता. पूर्वी कोलाबा म्हणविणाऱ्या व १९८१ पासून रायगड या नावाने चालणाऱ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जुन्या घरांचे माळे चाळण्याचा आमचा परिपाठ पोथ्यांसाठी आहे. या माळ्यावर पोथी एकही निघाली नाही; हे यंत्र निघाले. ते तंतुवाद्याचा आवाज विजेच्या साह्याने मोठा करणारे, म्हणजे गिटारचे अँप्लिफायर होय. त्याची घडण व्हॉल्व्हची आहे, ट्रान्झिस्टरच्या युगापूर्वीची.

अशा वस्तूस या पृष्ठांत जागा का द्यावी, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचे उत्तर एवढेच की हे यंत्र एकाच काळी व एकाच हातून झालेले नाही. त्यावर किमान चार हात फिरले आहेत, आणि प्रत्येकाने आपली खूण ठेविली आहे. मूळ लेखावर दुसऱ्याने खोडून लिहावे, त्यावर तिसऱ्याने समासात भर घालावी, अशा पोथ्या आपण नित्य पाहतो. येथे तोच प्रकार कागदाऐवजी पत्रा, तांबे व कथील यांवर झाला आहे. शिवाय तो वाचण्याची साधने आपल्या ओळखीच्या साधनांहून फारशी वेगळी नाहीत, असे आम्हांस आढळले.

प्रथम घरातील परंपरा सांगतो. सध्याच्या मालकांच्या आजोबांनी मुंबईस नोकरीत असता हे यंत्र एका हॉटेलातील बँडवाल्याकडून ‘लढाईच्या दिवसांत’ विकत घेतले. सोबत मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याची हवाईयन गिटार होती. पुढे गणेशोत्सवात व नवरात्रात ती या गावी वाजत असे. गिटार नाहीशी झाली, यंत्र तेवढे उरले. ‘आजोबांनी आणले तसेच्या तसे आहे, आत कोणी हात लावलेला नाही,’ हेही परंपरेचे कलम आहे. कुलवृत्तांताचा ज्यांस अनुभव आहे ते जाणतात की अशा परंपरेत पुष्कळदा मुख्य गोष्ट खरी असते व तिच्या भोवतीची ग्वाही तेवढी खोटी असते. येथेही तसेच निघाले.

परंपरेतील मुख्य गोष्ट काळाशी विसंगत नाही. गिटारच्या तारांचे कंपन चुंबक व वेटोळे यांनी उचलून विजेत रूपांतरित करणारी पहिली बाजारी वाद्ये अमेरिकेत १९३२ मध्ये रिकनबॅकर यांच्या कारखान्याकडून निघाली, आणि ती मांडीवरचीच, हवाईयन पद्धतीची होती. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याच दशकात लिऑन अ‍ॅबे व टेडी वेदरफोर्ड यांच्यासारख्या परदेशी वादकांची पथके वाजवीत होती, व पुढे गोमंतकीय वादकांनी ती परंपरा उचलून चित्रपटांपर्यंत नेली. हवाईयन ढंगाची गिटार तर आपल्याकडे इतकी रुळली की व्हॅन शिप्ले, हजारासिंग, सुनील गांगुली यांनी तिच्यावर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या. तेव्हा मुंबईच्या हॉटेलातून असे यंत्र बोटीने रेवदंड्यास यावे यात नवल नाही. ज्या चौल बंदरात पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन उतरला, त्याच्या शेजारी परदेशी वस्तू येण्याचा प्रघात जुनाच म्हणावयाचा.

यंत्राच्या आत शिरण्यापूर्वी व्हॉल्व्हविषयी दोन शब्द अवश्य आहेत. निर्वात केलेल्या काचेच्या अथवा धातूच्या नळीत एक तापविलेले ऋणाग्र असते. त्यातून निघणारे विद्युत्कण समोरच्या धनाग्राकडे धावतात. प्रवाह एकाच दिशेने जातो, म्हणून व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, हे नाव. फ्लेमिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने हे द्विअग्री साधन १९०४ मध्ये शोधिले. त्याच वर्षी या आमच्या किनाऱ्यावर अलिबागेस चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे वेध बिघडतील हे जाणून डॉ. मूस यांनी ती इकडे हलविली. हा योगायोग नोंदवून पुढे जातो. १९०६ च्या सुमारास ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकाने दोहोंच्या मध्ये एक जाळी घातली. जाळीवरच्या लहानशा विद्युद्दाबाने मोठा प्रवाह कमीजास्त होऊ लागला. पाटाच्या तोंडाशी हलकी फळी वरखाली करून सारे पाणी आवरावे तसे. ध्वनिवर्धनाचे सारे रहस्य एवढेच आहे.

आता अंतःप्रमाण. पेटाऱ्याच्या तळाशी पत्र्याचा जो सांगाडा असतो, ज्यास दुरुस्तीवाले चासी म्हणतात, तो आम्ही बाहेर काढला. कर्त्याची पाटी गळून पडली आहे. मागे स्क्रूची चार भोके मात्र आहेत. म्हणजे पुष्पिका नाही. परंतु व्हॉल्व्हच्या प्रत्येक भोकाशेजारी पत्र्यावर शाईने छापलेले क्रमांक अद्याप वाचता येतात : ६ एस जे ७, ६ व्ही ६, ५ वाय ३. विजेच्या जोडणीपाशी ११७ व्होल्ट व ६० आवर्तने असा छाप आहे. यावरून घडण अमेरिकन ठरते, कारण आपल्याकडील वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. सोबत लाकडी डब्यात बसविलेला दाब उतरविण्याचा वेगळा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचेही कारण हेच. साठ आवर्तनांसाठी घडलेला ट्रान्सफॉर्मर पन्नासावर चालविला की तो अधिक तापतो. आतील ट्रान्सफॉर्मरचा वेष्टनकागद जो करपून तपकिरी झाला आहे, तो याचा साक्षी होय.

काळाची पूर्वमर्यादा या क्रमांकांतच आहे. आठ पायांची बैठक १९३५ मध्ये निघाली; ६ व्ही ६ हा व्हॉल्व्ह १९३६-३७ चा; आणि ६ एस जे ७ हा सर्व पाय खालीच असलेला धातूचा व्हॉल्व्ह १९३८ मध्ये प्रचारात आला. तेव्हा १९३८ पूर्वी हे यंत्र घडणे शक्य नाही. उत्तरमर्यादा थोडी शिथिल आहे, पण तीही मिळते. चासीच्या एका बाजूस स्पीकरसाठी चार तारांची बैठक आहे. स्थिर चुंबकाच्या स्पीकरास दोन तारा पुरतात. चार तारा लागतात त्या जुन्या पद्धतीच्या स्पीकरास, ज्यात चुंबकत्व कायमचे नसून वेटोळ्यातून प्रवाह नेऊन निर्माण केलेले असते. तेच वेटोळे यंत्रातील विजेची गुणगुण शमविण्याचेही काम करी. महायुद्धानंतर चांगले स्थिर चुंबक स्वस्त झाले व ही पद्धत चाळीसच्या दशकाअखेर मावळली. अर्थात मूळ यंत्र १९३८ ते साधारण १९४८ या दशकातले. ‘लढाईच्या दिवसांत’ ही परंपरा याच्या आत बसते. ती सिद्ध झाली असे मात्र आम्ही म्हणत नाही. बाध आला नाही, एवढेच.

या थराची आणखी एक खूण लिपीज्ञांस रुचेल. रेझिस्टन्स म्हणजे प्रवाहास अडविणारी कांडी. तिचे मान अंकांनी न लिहिता रंगांनी दर्शवितात. हल्ली हे रंग पट्ट्यांच्या रूपाने क्रमाने वाचावयाचे. जुनी रीत निराळी : कांडीच्या अंगाचा रंग हा पहिला अंक, टोकाचा रंग हा दुसरा, आणि मधल्या ठिपक्याचा रंग म्हणजे पुढील शून्ये. आमच्या यंत्रात एका कांडीचे अंग तपकिरी, टोक काळे, ठिपका पिवळा आहे. तपकिरी म्हणजे एक, काळा म्हणजे शून्य, पिवळा म्हणजे चार शून्ये. मान एक लक्ष ओहम. ज्यास ही जुनी रीत ठाऊक नाही तो हिला पट्ट्यांप्रमाणे वाचू जाईल आणि भलतेच मान काढील, जसा मोडी न जाणणारा बाळबोधीच्या सवयीने अक्षरे लावू जातो. ठिपक्याच्या कांड्या मूळ थराच्या, पट्ट्यांच्या कांड्या नंतरच्या, असा भेद येथे सरळ पडतो.

आता ‘कोणी हात लावलेला नाही’ या कलमाची वाट पाहू. ‘६ व्ही ६’ असा छाप ज्या भोकाशेजारी आहे, तेथे ६ व्ही ६ नाही. ते भोक एका डब्याच्या पत्र्याच्या चकतीने बुजविले असून चकतीच्या मध्यभागी पाऊण इंची लहान भोक पाडून नऊ पायांची बारीक बैठक बसविली आहे. चकतीच्या खालच्या अंगास डब्यावरचा रंगीत छाप अजून दिसतो. या बैठकीत ई.एल. ८४ हा व्हॉल्व्ह होता. नऊ पायांची ही बैठक महायुद्धानंतरची, आणि ई.एल. ८४ हा फिलिप्सच्या घराण्याचा व्हॉल्व्ह १९५३ चा. म्हणजे येथे मूळ पाठ खोडून नवा पाठ लिहिला आहे, हे उघड होय.

हा नवा पाठ लिहिणारा अडाणी नव्हता, हे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. ६ व्ही ६ च्या ऋणाग्राशी सुमारे अडीचशे ओहमची कांडी लागते, ई.एल. ८४ ला त्याच्या जवळजवळ निम्मी, एकशे तीसच्या आसपास. ती न बदलता नुसता व्हॉल्व्ह बदलला तर आवाज क्षीण व फाटका येईल. आमच्या यंत्रात तेथे १३० ओहमची पट्ट्यांची कांडी डाखलेली आहे. दोन्ही व्हॉल्व्हना पुढचा ट्रान्सफॉर्मर एकच चालतो हेही त्याने जाणले होते. त्याने असे का केले असावे? आमचे अनुमान असे की त्याच्या दुकानात रेडिओचा माल होता. आणि त्या काळी आपल्याकडे येणाऱ्या युरोपीय धर्तीच्या रेडिओत ई.एल. ८४ हाच शेवटचा व्हॉल्व्ह म्हणून सर्रास असे. अमेरिकन ६ व्ही ६ साठी मुंबईस माणूस धाडण्यापेक्षा हाताशी आहे त्यावर यंत्र चालविणे त्यास सुचले.

हे केव्हा घडले? येथे दोन प्रमाणे मिळाली. पेटाऱ्याच्या कोपऱ्यात कापडात गुंडाळलेला एक निकामी ई.एल. ८४ सापडला. त्याच्या काचेच्या माथ्याशी जो रुपेरी डाग असतो तो दुधासारखा पांढरा झाला आहे. हा डाग बेरियमचा असून आत हवा शिरली म्हणजे पांढरा पडतो. काचेस बारीक तडा आहेच. या व्हॉल्व्हच्या तळाशी फिकट अक्षरांत दोन ओळींचा संकेत असून दुसरी ओळ ‘बी ६ डी २’ अशी आहे. फिलिप्स व त्याच्याशी संलग्न मलार्ड यांच्या पद्धतीत पहिले अक्षर कारखान्याचे, मग वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचे अक्षर, शेवटी आठवडा. बी म्हणजे इंग्लंडातील ब्लॅकबर्नचा कारखाना, डी म्हणजे चौथा महिना एप्रिल, त्याचा दुसरा आठवडा. सारे कळले, परंतु वर्ष? सहा हा अंक १९४६, १९५६, १९६६ या तिन्हींस लागू पडतो. केवळ ‘शोभन संवत्सरे’ एवढेच लिहिलेले पत्र शके १८२५ चे की १८८५ चे, हा जो घोळ, तोच हा. फक्त साठाच्या जागी दहाचे चक्र. १९४६ बाद होते, कारण तेव्हा ई.एल. ८४ जन्मलाच नव्हता. उरली १९५६ व १९६६.

दुसरे प्रमाण पेटाऱ्याच्या आतल्या फळीवर शिसपेन्सिलीने बाळबोधीत लिहिलेले आहे : ‘नवा व्हाल्व्ह. बैठक नवी. नवरात्राआधी देणे.’ आणि खाली आकडा १८–१०–०. नवी बैठक म्हणजे वर वर्णिलेली चकती, यात शंका नको. आकडा रुपये-आणे-पैचा. दशमान नाणी आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. त्यानंतरही काही काळ लोक आण्यांत बोलत व लिहीत, हे आम्ही विसरत नाही. परंतु दशमान सुरू होऊन नऊ वर्षे लोटल्यावर एखाद्या विजेच्या दुकानदाराने हिशेब आण्यांत लिहावा हे संभवत नाही. तेव्हा १९६६ बाद, आणि व्हॉल्व्ह १९५६ च्या एप्रिलातला. आण्यांचे चलन असतानाचे शेवटचे नवरात्र १९५६ च्या ऑक्टोबरात आले. एप्रिलात विलायतेस तयार झालेला माल सहा महिन्यांत रेवदंड्याच्या वाटेवर पोहोचणे शक्य आहे. म्हणून पाठबदलाचा काळ १९५६ चे नवरात्र, किंवा जुन्या सवयीस सूट दिल्यास त्यानंतरचे एखाददुसरे नवरात्र, असा आम्ही ठरवितो.

पुढचे हात लवकर आटोपू. बैठकीत जो ई.एल. ८४ उभा होता त्यावर भारत इलेक्ट्रॉनिक्सचा छाप आहे. बंगळूरची ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली व रेडिओचे व्हॉल्व्ह तिने १९६१ च्या सुमारास करावयास घेतले. १९५७ नंतरच्या परकीय चलनाच्या टंचाईत आयात आवळली गेली होती. विलायती व्हॉल्व्ह तडकल्यावर देशी आला, हे त्या काळाला धरूनच आहे. मूळ चार तारांचा स्पीकरही कोणी तरी काढून स्थिर चुंबकाचा बसविला, आणि त्याच्या वेटोळ्याच्या जागी तारेची जाड कांडी घातली. हा हात निराळा आहे. १९५६ चा कारागीर तार पायाभोवती पुरता वेढा देऊन मग डाख देतो. हा नुसती टेकवून वर कथील ओततो. डाखाचे वळण हे हस्ताक्षरासारखेच असते, दहा सांधे पाहिले की अकरावा ओळखता येतो. चौथा हात कोणाचा ते न विचारलेले बरे : त्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसविली आहे.

येथपर्यंत वाचन झाले. आता जीर्णोद्धार, आणि त्याबरोबर वाद. मालकांची इच्छा यंत्र पुन्हा वाजावे अशी. आमचे एक संग्राहक स्नेही, ज्यांस या विषयाची आमच्याहून अधिक माहिती आहे, त्यांचे म्हणणे असे की चकती काढून टाकावी, आठ पायांची बैठक बसवावी, ६ व्ही ६ आणावा, चार तारांचा जुना स्पीकर पैदा करावा, आणि यंत्र ‘मूळ’ करावे. तसे केल्यास त्याची किंमतही वाढते. यांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. शिवाय त्यांनी आमच्याच शास्त्राचा दाखला दिला : तुम्ही पोथ्यांची चिकित्सा करता ती मूळ पाठ गाठण्यासाठीच ना?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने देतो. भांडारकर संस्थेत डॉ. सुकथनकर यांनी १९२५ पासून महाभारताचे संपादन हाती घेतले व त्यांच्यामागे इतरांनी ते १९६६ मध्ये तडीस नेले. उपलब्ध पोथ्यांवरून गाठता येईल तो प्राचीनतम पाठ वर छापावा आणि इतर पाठ तळटीपांत द्यावे, हा त्यांचा मार्ग. परंतु तो पाठ त्यांनी नव्या कागदावर छापला. काश्मीरची शारदा पोथी हाती घेऊन तिच्यातील प्रक्षिप्त श्लोक चाकूने खरवडले नाहीत. देवनागरी, बंगाली, ग्रंथ, मल्याळम् अशा साऱ्या पोथ्या आपापल्या प्रक्षेपांसह जशाच्या तशा राहिल्या. कोणास उद्या सुकथनकरांचा निर्णय पटला नाही तर तो पोथ्यांकडे परत जाऊ शकतो. यंत्राच्या बाबतीत ही सोय नाही. येथे संपादित आवृत्ती ज्यावर छापावयाची तो कागद म्हणजेच ती एकुलती पोथी. चकती काढली की १९५६ चा पाठ कायमचा गेला, आणि त्याच्या जागी आला तो १९४० चा पाठ नव्हे. तो आमचा, आजचा पाठ, १९४० च्या पोशाखात.

दुसरे असे की १९५६ चा पाठ हा भ्रष्ट पाठ नाही. मूळ यंत्र अमेरिकेत घडले. त्यासारखी आणखी पुष्कळ घडली असतील व तिकडच्या संग्रहांत जतन होत असतील. चकतीचे यंत्र मात्र या किनाऱ्यावर घडले. येथील नवरात्रात जो आवाज लोकांनी ऐकला तो ई.एल. ८४ चा, ६ व्ही ६ चा नव्हे. आणि गावोगावचे जे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर पन्नास-साठच्या दशकांत होऊन गेले, त्यांचे दफ्तर कोठे आहे? सुतार-सोनारांचे निदान बलुत्याच्या कागदांत नाव सापडते. यांचे काहीच नाही; डाखाचे वळण, डब्याची चकती आणि फळीवरची एक ओळ हेच त्यांचे कागदपत्र. ते ‘मूळ’ करण्याच्या भरात फेकून देणे आम्हांस पटले नाही. अग्निपुराणातील जीर्णोद्धारप्रकरणी जीर्ण मूर्ती लाकडाची असल्यास अग्नीत व पाषाणाची असल्यास जळात विसर्जन करून नवी स्थापावी असे विधान आहे. देवतेस ते शोभते, कारण देवता मूर्तीहून वेगळी आहे. साधनाचे साधनत्व त्याच्या जीर्ण देहातच असते. मालकांस हा विचार पटला. स्नेह्यांस अद्याप पटलेला नाही.

मग आम्ही बदलले काय? नियम असा केला की जो भाग आपल्या बिघाडाने दुसऱ्या भागास मारील किंवा माणसास मारील, तेवढाच बदलावा. जो नुसता म्हातारा झाला आहे, तो राहू द्यावा.

माणसास मारणारा भाग आधी. या यंत्रात तीनशे व्होल्टांहून अधिक दाब खेळतो आणि वीज काढून घेतल्यावरही कंडेन्सरांत तो साठून राहतो. म्हणून प्रथम मोठ्या कांडीतून तो निचरून घेतल्याशिवाय आत बोट घालू नये. एवढी खबरदारी जाणकार नसलेल्याने घेतली तरी पुढचे काम जाणकाराकडेच द्यावे. आम्हीही डाखकाम एका अनुभवी कारागिराकडूनच, शेजारी बसून करविले. मूळ दोरी दोन तारांची होती व तिच्या एका तारेपासून चासीपर्यंत एक लहान कंडेन्सर जोडलेला होता. अमेरिकन यंत्रांत ही रीत सर्रास होती. तो कंडेन्सर गळू लागला की चासी, आणि चासीतून गिटारच्या तारा, विजेच्या दाबाखाली येतात. सारवलेल्या ओलसर जमिनीवर अनवाणी बसून पोलादी तारांस हात लावणाऱ्या वादकाची स्थिती काय होईल ते सांगावयास नको. येथे ऐतिहासिकतेचा हट्ट पापच ठरेल. तो कंडेन्सर काढला, तीन तारांची दोरी लावून चासी जमिनीस जोडली, आणि पिळलेल्या तांब्याऐवजी योग्य मापाचा फ्यूज घातला.

यंत्रास मारणारे भाग म्हणजे उरलेले कंडेन्सर. या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, उरलेल्या महिन्यांत खारा वारा असतो. मेणकागदाचे जुने कंडेन्सर ही दमट हवा पिऊन गळू लागतात. पहिल्या व्हॉल्व्हपासून दुसऱ्याच्या जाळीकडे ध्वनी नेणारा जो कंडेन्सर, तो गळला की जाळीवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह अतोनात प्रवाह ओढून लालबुंद होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. आमचा गळत होता, बदलला. वीज गाळणारे दोन मोठे कंडेन्सर सुकून गेले होते, तेही बदलले. एक लक्ष ओहमची ती तपकिरी कांडी दमटपणाने एक लक्ष चाळीस हजारांवर चढली आहे. तिने कोणास मारले नाही. ती तेथेच आहे.

येथे एका प्रचलित रीतीविषयी मत देणे भाग आहे. पुष्कळ संग्राहक जुन्या कंडेन्सरचे कवच तापवून पोकळ करतात, आत नवा बारीक कंडेन्सर लपवितात आणि वरून पुन्हा मेण ओततात. पाहणारास सारे मूळचेच वाटते. हे कौशल्य आम्ही पाहिले आहे व त्याची तारीफही केली आहे. तथापि जुन्या कोऱ्या कागदावर जुन्या वळणाने सनद लिहिणारास आपण जे नाव देतो, तेच याला द्यावे लागेल. हेतू फसवणुकीचा नसला तरी पन्नास वर्षांनी हेतू कोणास दिसणार? आमचे नवे कंडेन्सर पिवळ्या प्लास्टिकचे, उघड दिसणारे आहेत, व प्रत्येकास तारखेची चिठ्ठी बांधली आहे. दिसावयास ते ओंगळ आहेत हे कबूल.

स्पीकरचे काम मात्र पोथीवाल्यांच्या घरचे निघाले. स्पीकरचा शंकू कागदाचा असतो, आणि आमच्या शंकूस कसरीने कडेला खाऊन तीन ठिकाणी फाडले होते. पोथीच्या पानास लावतो तोच पातळ जपानी कागद, तंतू सुटे राहतील असा हाताने फाडून, विरळ चिकीने दोन्ही बाजूंनी लाविला. बुकबाईंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते येथे वर्ज्य केले. मोरचूद कागदास कालांतराने खातो, हे आपणांस जुन्या बांधण्यांवरून ठाऊक आहेच. कागदाचे वजन अत्यल्प ठेवावे लागते, नाही तर शंकू जड होऊन आवाज दबतो.

इतके झाल्यावर विजेच्या वाटेत एक साठ वॉटचा दिवा ओळीने जोडून यंत्र हळूहळू जागे केले. आत कोठे आखूड वाट असेल तर दिवा भक्क पेटतो व यंत्र वाचते. दिवा प्रथम उजळून मग मंद झाला, म्हणजे प्रकृती ठीक. दिवा काढल्यावर ऋणाग्रापाशी सात व्होल्टांहून किंचित अधिक दाब भरला, जो ई.एल. ८४ ला हवा तितकाच. १९५६ च्या कारागिराची कांडी अद्याप आपले काम चोख करीत आहे. मालकांच्या नातवाने आपली आजची गिटार जोडून पाहिली. आवाज मऊ, थोडा घोगरा, आणि जोर वाढविला की किंचित फाटणारा असा येतो. खोलीभर पुरतो, मंडपास पुरेल की नाही याची शंका आहे.

काढलेले सर्व भाग, म्हणजे दोन मोठे कंडेन्सर, मेणकागदाचा एक, चासीचा लहान एक, जुनी दोरी व पिळलेली तांब्याची तार, चिठ्ठ्यांसह एका डब्यात घालून यंत्रासोबतच ठेविले आहेत. ब्लॅकबर्नचा तडकलेला व्हॉल्व्हही त्यातच आहे. फळीवरील लेखाचे व चकतीच्या दोन्ही अंगांचे छायाचित्र घेतले आहे. कर्त्याची पाटी जेथे होती तेथील चार भोके आडवी साडेतीन इंच व उभी सव्वा इंच अंतरावर आहेत. ज्या वाचकांच्या पाहण्यात याच मापाची पाटी असलेले, याच तीन व्हॉल्व्हचे यंत्र असेल, त्यांनी पाटीवरील नाव आम्हांस कळविण्याची कृपा करावी. तसेच नऊ पायांच्या बैठकीसाठी डब्याच्या पत्र्याची चकती बसविलेले दुसरे एखादे यंत्र अलिबाग, मुरुड किंवा श्रीवर्धन भागात कोणाकडे असल्यास त्यातील डाखांचे छायाचित्र पाठवावे. तार पुरता वेढा देऊन मग डाखलेली असेल, तर तो हात आमच्या ओळखीचा निघण्याचा संभव आहे.